आधी लिहायचं, मग करायचं

एक प्रोग्रॅम रोज मधेच कोलमडत होता. चूक पकडायला त्याने ऑफिसच्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर ट्रेस लावला आणि घाईघाईत, नेमका तो प्रोग्रॅम निवडायच्या ऐवजी, ‘सगळं’ निवडून बसला. मशीन पार ढेपाळलं.

“काय हो, गोगलगाय केलीत की त्याची!” ऑपरेटरबाई कावल्या.

“होणारच, बाई. ट्रेस लागला की मशीन प्रत्येक गोष्ट आधी लिहून घेतं, मग करतं.” त्याने ट्रेस बंद केला. मशीन पळायला लागलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“हुश्श! सुटलो,” बाई म्हणाल्या. पण आधी त्यांचे ओठ हलले. आवाज मागाहून आला.

घरी त्याने पेला टेबलावर ठेवला. पेला वाजला, तेव्हा त्याचा हात कधीच बाजूला झाला होता. त्याने ऑफिसला फोन लावला.

“ट्रेस बंद आहे ना, बाई?”

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं त्याला वाटलं. मग नेहमीच्या ठसक्यात बाई म्हणाल्या, “म्हणजे काय! तुम्हीच नाही का केलात?”

“बाबा, झेल मला!” लेकीने पलंगावरून उडी मारली आणि ती हवेतच राहिली. हात पसरलेले, केस वर उडालेले, हसू तसंच. त्याने तिचा पाय ओढून पाहिला. पाय हलला नाही.

मग ती धपकन अंगावर आली. त्याने तिला छातीशी घट्ट धरलं.

“बाबा,” छातीला कान लावून ती म्हणाली, “तुझं धडधडणं थांबलंय.”

लिहून व्हायची वाट बघत तो तसाच उभा राहिला.