वरचढ सूर

आरोग्य उपकेंद्रातल्या यंत्राने थेंबभर रक्त घेतलं आणि रंगनाथआबांचं रक्त गाऊ लागलं. रक्तातल्या प्रत्येक प्रथिनाला यंत्राने आपापला सूर दिलेला. आबांच्या कारभारणीचं रक्त नुकतंच वाजलं होतं, ते रंगात आलेल्या कीर्तनासारखं, सगळे सूर एकमेकांत मिसळून. आबांच्या रक्तात मात्र एकच सूर बाकीच्यांवर चढून बसला होता.

"सिस्टर, हा कोण एवढा गळा काढतोय?"

"एकच प्रथिन माजलंय, आबा. हा कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. अधूनमधून येऊन ऐकवत जा."

"कीर्तनात तरी हा कुठं दुसऱ्याला गाऊ देतो!" रांगेत मागे उभे असलेले यादवतात्या हसले.

मग तात्यांचं रक्त लावलं. तोच प्रकार. पाठोपाठ केरूनानांचं, तेही तसंच. आबांचं कुतूहल चाळवलं. तिघंही म्हातारे, तिघंही द्राक्षबागायतदार.

"वयाने होतं हे," सिस्टर म्हणाल्या, "पण कीटकनाशक फवारणाऱ्यांत जास्त सापडतं. तोंडाला फडकं बांधायचात का?"

"फडकं कसलं! पंपाचं नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं. बापाने मला शिकवलं, मी रघूला..."

आबांनी बोलणं अर्धवट टाकून खिशात हात घातला. त्यांनी घाईघाईने लेकाला फोन लावला.

"रघू, काय करतोयस?"

"नोझल तुंबलंय, आबा. फुंकतोय."

"फुंकू नको! पंप ठेव खाली, तोंड धू आणि तसाच इकडे ये. पांडुरंगा... रघू, तुझ्या रक्तात अजून सगळे सूर मिळून गातात का, ते ऐकू दे मला."