क्लॅरीचे मणके

ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही एमआरआय शेजारी शेजारी लावले. "अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा काढले, क्लॅरी. तरी तेच!"

डावीकडे नोरीनचे मणके, मोत्यांच्या सरासारखे. ती मात्र लग्नापासून पाठदुखीने कण्हत होती. आत्ताही बाहेर बाकावर आडवी झाली होती. उजवीकडे तिच्या नवऱ्याचे, क्लॅरीचे मणके. झिजलेले, चेपलेले, गाद्या सरकलेल्या. जन्मभर वाकून त्याने मेंढ्यांची लोकर कातरली, पण पाठ दुखते म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"फोटोचं आणि दुखण्याचं नेहमी जुळतंच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण असली पाठ घेऊन तू उभा तरी कसा राहतोस, बाबा? मेंढी धरतोस तसा वाक बघू."

क्लॅरी हसत वाकला.

दाराबाहेर नोरीन किंचाळली.

तो सरळ झाला. ती गप्प झाली.

"होतं तिला असं. रविवारी बरी असते," क्लॅरी म्हणाला, आणि थबकला. रविवारी लोकर कातरायचं काम बंद असतं.

"परत वाक," डॉक्टर पुटपुटले.

क्लॅरीने टोपी काढून छातीशी धरली आणि चर्चमध्ये उभं राहावं तसा तो ताठ उभा राहिला.