दुधाच्या पिशव्यांची फुलं

"आजही पिशव्या धुतल्यास?" राकेशने बूट काढता काढता विचारलं.

गॅलरीतल्या दोरीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या निथळत होत्या. खाली शाम्पूच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे. महिनाभर कल्याणी घरातलं प्लास्टिक टाकूच देत नव्हती.

"फुलं करतो आम्ही त्यांची. वारज्याला."

"आम्ही म्हणजे?"

"आहे एक माणूस. तुझ्या ओळखीचंच." एवढं बोलून ती भाजी चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या ऑफिसात त्याचं चित्त लागेना. वारज्यात त्याच्या ओळखीचा एकच जण राहायचा, रणजित. कॉलेजात चित्रं काढायचा. लग्नात कल्याणीला म्हणाला होता, "वहिनी, याला कंटाळलात तर सांगा." तेव्हा सगळे हसले होते. राकेशही.

ती अंघोळीला गेल्यावर त्याने तिचा फोन पाहिला. रणजितचा नंबर नव्हता. पुसला असणार!

बुधवारी अर्धी रजा टाकून तो तिच्या स्कूटरच्या मागे निघाला. वाटेत थांबून तिने गरम जिलबी घेतली. त्याच्यासाठी कधी आणल्याचं त्याला आठवेना.

वारज्यातल्या एका बैठ्या इमारतीत ती शिरली. फाटकावरची पाटी वाचायचंही त्याला भान नव्हतं. आतून तिचं हसू ऐकू आलं. असं मोकळं हसू घरात कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

"तुमच्या हातात जादू आहे हो!" ती कुणाला तरी म्हणत होती.

राकेशने दार ढकललं.

सतरंजीवर दहा-बारा म्हाताऱ्या कात्र्या घेऊन बसल्या होत्या. समोरची अख्खी भिंत निळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या फुलांनी बहरली होती. पुरुष एकही नाही. राकेशचा जीव भांड्यात पडला. स्वतःचीच लाज वाटून तो हसणार, तोच कल्याणीशेजारच्या बाईने मान वर केली. तिच्या बोटांना जिलबीचा पाक होता.

"राकेश? किती बारीक झालास रं!"

तो उंबऱ्यातच थिजला. कल्याणी मात्र जराही दचकली नाही. उठून त्याच्याजवळ आली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"लग्नाच्या दिवशी तू मला 'ही माझी आई' म्हणून यांच्याच फोटोला नमस्कार करायला लावला होतास. हार घातलेल्या फोटोला."