उजेडाचं चाक

"वापरलेला म्हणालात आणि भंगार माथी मारलंत!" आजोबांनी कॅमेरा दुकानदारापुढे आपटला. नातीच्या वाढदिवसाचे सगळे फोटो पांढरेफटक. केकही दिसेना, नातही. दुकानदारानं दोनचार बटणं दाबली आणि तो हसला. "कॅमेरा ठणठणीत आहे, काका. उजेड वाढवायचं हे चाक कुणीतरी पार टोकाला नेलंय." "मीच नेते," सोबत आलेल्या आजी म्हणाल्या. "नाहीतर स्क्रीनवर सगळं काळंच दिसतं की हो." आजोबा खेकसणार होते, पण त्यांची नजर आजींच्या नव्या चष्म्यावर गेली. 'आता याच्यापुढे नंबर नाही,' डॉक्टर म्हणाले होते. दुकानदारानं चाक शून्यावर आणून दिलं. आजींनी कॅमेरा आजोबांवर रोखला, सवयीनं चाक पुन्हा टोकाला नेलं, फोटो काढला. "हां, आता दिसलात!" म्हणत त्यांनी स्क्रीन आजोबांसमोर धरली. तिथं नुसता पांढरा उजेड होता. आजोबा म्हणाले, "छान आलोय."