टचिंग

वर्गातली पोरं ‘ससोबा’ म्हणून चिडवतात, म्हणून नातीनं दातांना तारा लावायचा हट्टच धरला होता. डॉक्टर गरज नाही म्हणाले, तरी ती ऐकेना.

“तुझ्या आईचे बघ की, तुझ्यासारखेच पुढे आहेत. तिचं काही अडलं का?” आजोबा म्हणाले. “लहानपणी तर इतकी गोड दिसायची. थांब, दाखवतोच तुला.”

जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेल्या आजोबांनी मोठ्या हौसेनं लेकीचा अल्बम काढला. दर वाढदिवसाचा फोटो त्यांनीच काढलेला, आणि गिऱ्हाइकांच्या फोटोतले डाग-व्रण ज्यानं घालवायचे त्याच बारीक ब्रशनं टचिंगही त्यांनीच केलेलं.

नात एकेक पान उलटत गेली. प्रत्येक फोटोत आई हसत होती आणि दात कसे एका ओळीत, मोत्यांसारखे. तिनं फोटोकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या आईकडे.

“म्हणजे आजोबा, तुम्हालाही ते आवडत नव्हते.”

आजोबांनी अल्बम हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

“जाऊ द्या हो बाबा,” लेक म्हणाली आणि हसली. नेहमीसारखीच, ओठ मिटून.