तुम्मासचं पोकलेन

पेतुरने पुन्हा किल्ली फिरवली आणि पोकलेन पुन्हा खोकून बंद पडलं.

"किल्लीच्या मागे लागू नकोस," खाली उभा असलेला तुम्मास म्हणाला. "आधी ती उजव्या हाताखालची तार खिळ्याला टेकव. टेकवलीस? आता डाव्या टाचेने पेडल दाबून धर. आणि नीट बसू नकोस, थोडा उठलेला राहा. बसलास की ते बंद होतं."

चर्चच्या वर डोंगरउतारावर पाण्याचा पाइप पहाटे फुटला होता. बेटावरच्या सगळ्या घरांचे नळ कोरडे पडले होते आणि सगळी माणसं रिकाम्या बादल्या घेऊन ओल्या गवतात उभी होती. एकटी राग्ना, तुम्मासची बायको, खाली धक्क्यावर दोन बॅगा घेऊन थांबली होती. खाडीच्या तोंडाशी बोट दिसायला लागली होती.

नवराबायको बेट सोडून तोर्सहाव्हन शहरात मुलीजवळ राहायला निघाले होते. मेंढ्या भावाला दिल्या, बटाटे जमिनीतच राहू दिले, घराला कुलूप लावलं. निघायची ही काही पहिली वेळ नव्हती. मागे एकदा दरड आडवी आली, एकदा धक्क्याचा गाळ, आणि दोन्ही वेळा ते उपसायला तुम्मास पोकलेन घेऊन थांबला. आज सकाळी कॉफी ओतताना राग्नाने शांतपणे सांगून टाकलं होतं की ती आजच्या बोटीने जाणार, त्याने यावं, आणि यापुढे ती विचारणार नाही. ती चिडली असती तर तुम्मासला बरं वाटलं असतं. त्या शांतपणाची त्याला भीती वाटली.

म्हणून तर त्याने पोकलेन पेतुरला फुकट देऊन टाकलं होतं. पेतुर बेटावरचाच तरुण, मासे पाळणाऱ्या कंपनीत मोठमोठी मशिनं चालवायचा. त्याच्या हातात ते पडलं की आपण सुटलो, असं तुम्मासने मनाशी धरलं होतं.

मशीन भाड्याने आणायचं, हे राग्नाचं म्हणणं पहिल्यापासून होतं. तुम्मासने तेही करून पाहिलं होतं. घरामागचा चर खणून झाला आणि समुद्र असा खवळला की मशीन न्यायला बोटच येईना. ते अंगणात नुसतं उभं राहून रोजचं भाडं खात बसलं. तेव्हा तुम्मासने कानाला खडा लावला आणि बोगदा खणणाऱ्यांनी टाकून दिलेलं हे धूड विकत आणलं. सुटे भाग कुठले मिळायला? आपला हात जगन्नाथ. जुन्या होडीची टाकी, पलंगाची स्प्रिंग, जाळ्याची दोरी, जे सापडलं ते त्याने त्यात बसवलं. स्वतःचा डावा खांदा वर जात नव्हता, तर दांडेच उलटे करून टाकले. बेटावर एकच पोकलेन आणि ते आपलं, याचा त्याला तोरा होता, तो त्याने कधी लपवलाही नाही.

एकदाचं इंजिन सुरू झालं. पेतुरने दांडा ओढला. खणायचं बकेट खाली जायचं सोडून गर्रकन फिरलं आणि म्हातारी एल्सपा बादलीसकट मागे सरली.

"उलटं आहे ते," तुम्मास ओरडला. "पुढे म्हणजे मागे. डावं म्हणजे उजवं... नाही, थांब, गार असताना डावं ते डावंच."

पेतुर खाली उतरला. हात पुसत म्हणाला, "तुम्मासकाका, मी याच्या दुप्पट मशीन चालवतो. पण हे मशीन नाहीच मुळी. ही तुमची खोड आहे."

कुणीतरी सांगितलं की भाड्याने देणाऱ्यांना फोन करून झाला, गुरुवारच्या बोटीने पाठवतो म्हणाले, समुद्राने येऊ दिलं तर. तुम्मासकडे कुणी पाहिलं नाही, सगळे आपापल्या बादलीत बघत राहिले. त्यांनी मागितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं.

"एवढं उकरून देतो आणि येतोच," तो स्वतःशीच पुटपुटला आणि वर चढला.

त्याच्या हाताखाली पोकलेन लोण्यासारखं चाललं. माती अलगद निघाली, पाइप उघडा पडला, वरचा मोठा धोंडा तेवढा खाली घसरायला लागला. तुम्मासने बकेटने तो रेटून धरला आणि पेतुर खड्ड्यात उतरून पाइपला पट्टा आवळायला लागला. तुम्मासला मजा वाटत होती, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

आता टाच उचलली असती तर इंजिन बंद पडलं असतं, धोंडा पेतुरवर आला असता. तो तसाच अर्धवट उठलेला धक्क्याकडे बघत राहिला.

लाटांमुळे बोट बांधता येत नव्हती. खलाशाने तिचं नाक धक्क्याला टेकवून धरलं होतं. आधी बॅगा गेल्या. मग राग्नाने खलाशाचा हात धरला आणि आत उडी घेतली. तिने मागे वळून पाहिलं नाही. हलत्या बोटीत उडी मारणारं माणूस मागे बघतच नसतं, असं त्याने मनाला बजावलं. बोट मागे सरली, वळली, निघाली. तिला हाक मारावी असं त्याला फार वाटलं, पण इंजिनच्या आवाजात ती हाक त्याची त्यालाही ऐकू आली नसती.

पेतुर चिखलाने माखून वर आला. खालून कुणीतरी ओरडून सांगितलं की नळाला पाणी आलं. तुम्मासने धोंडा बाजूला लोटला आणि इंजिन बंद केलं, तोवर खाडी रिकामी झाली होती.

एल्सपाने थर्मासमधली कॉफी ओतून कप वर दिला आणि पोकलेनच्या पत्र्यावर मायेने थोपटलं.

"बरं केलंस रे बाबा, घरचं घेतलंस. भाड्याचं असतं, तर काम झाल्यावर बोटीत बसून निघून गेलं असतं."