घडीचा हिशेब

"पुन्हा घाला," मास्तर म्हणाले. "आधी आडवी, मग डावा कोपरा आत."

बेकरीवाल्याने कोऱ्या चिठ्ठीची तिसऱ्यांदा घडी घातली. त्यापेक्षा होडी करून टाकतो, असं तो म्हणाला तेव्हा ठेकेदार, नर्सबाई, सगळे नगरसेवक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी उलगडली आणि परत त्याच्यापुढे सरकवली.

विश्रामगृहाच्या जेवणघरात टेबलं जोडून सकाळपासून हा वर्ग चालला होता. दुपारी तीनला नगराध्यक्षाची निवड. एकवीस नगरसेवक, त्यांत पक्षाचे अकरा आणि समोरचे दहा. एक जरी फुटला, तरी खुर्ची गेली. मतदान गुप्त, चिठ्ठीवर फुलीशिवाय काही दिसलं की मत बाद. पण चिठ्ठीची घडी कशी घालायची, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. म्हणून ज्याची त्याची घडी वेगळी. मोजणीला अधिकारी एकेक चिठ्ठी दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर उलगडणार, आणि पक्षातर्फे तिथे मास्तर बसणार. कोणाचं मत कुठे पडलं, ते वहीत लगेच उतरणार.

युक्ती मास्तरांचीच. चौथ्यांदा निवडून आलेले, त्याआधी शाळेत कवायत शिकवायचे. वहीचं पान भरलं की खाली सही करायची सवय तेव्हापासूनची. पक्षाचे अध्यक्ष तात्या स्वतः कधी निवडणुकीला उभे राहत नसत, पण मास्तरांच्या वहीवर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवत.

आता तात्या दारात उभे होते आणि बेकरीवाल्याकडे बघत होते. त्याला गावात झोका म्हणत. बारा वर्षांत चार पक्ष झाले होते त्याचे. बायकोसुद्धा विचारायची म्हणे, आज कुठल्या रंगाचा सदरा इस्त्री करू?

"हाच फुटणार," तात्या मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले. "लिहून ठेवा."

"फुटेल त्याचं नाव मी स्वतः तुमच्या हातात देईन," मास्तर म्हणाले. "शब्द दिला."

तात्यांना तेवढं पुरे होतं. गेल्याच आठवड्यात समोरच्यांचा म्होरक्या मास्तरांना केशकर्तनालयात गाठून बरंच काही बोलला होता, आणि मास्तरांनी अर्ध्या तासात ते सगळं तात्यांच्या कानावर घातलं होतं. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं तात्या चारचौघांत म्हणत.

उमेदवार होता तात्यांचा जावई. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो समोरच्या पक्षात होता आणि तात्यांना भरसभेत खडूस म्हातारा म्हणत होता. इकडे आला आणि थेट खुर्चीला उभा राहिला. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा पहिली टाळी मास्तरांनी वाजवली होती. त्याआधीच्या वेळी ठेकेदाराला खुर्ची मिळाली, तेव्हाही. पुढची पाळी तुमची, असं तात्या त्यांना दर वेळी सांगत. सतरा वर्षं झाली होती त्याला.

"वाईट नाही वाटत?" बायकोने त्या दिवशी विचारलं होतं.

"वाटतं ना," मास्तर म्हणाले होते. "फार वाटतं." मग ते शांतपणे जेवले होते.

मास्तरांनी जावयालाही घडी शिकवली. तो चिडला. मी स्वतःला मत देणार नाही का, म्हणाला. मास्तरांनी त्याला समजावलं, की विश्वास आपल्या जागी आणि घडी आपल्या जागी. तात्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी जावयाच्या पाठीत धपाटा घातला.

तीन वाजता मतदान झालं. अकरा जण ओळीने आत गेले, ओळीने बाहेर आले. झोका बाहेर आला तो घाम पुसत. तात्यांनी मान हलवली.

मोजणी अर्ध्या तासात उरकली. मास्तर वही मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक चिठ्ठीला खाली बघून खूण करत होते. त्यांचा हात एकदाही थांबला नाही. शेवटची चिठ्ठी उलगडली आणि समोरच्यांनी आरडाओरडा केला. त्यांना अकरा, जावयाला दहा.

मास्तर बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात तात्यांनी झोक्याची कॉलर धरली होती. झोका रडकुंडीला आला होता. आयुष्यात पहिल्यांदा इमानदारीने वागलो हो, असं म्हणत होता.

"सोडा त्याला," मास्तर म्हणाले. "त्याची घडी आपल्याच गठ्ठ्यात होती. डावा कोपरा आत, अगदी शिकवल्यासारखी."

"मग नर्सबाई?"

"त्यांचीही होती. ठेकेदाराची होती. जावईबापूंची होती. ज्यांना ज्यांना शिकवली, त्या सगळ्यांच्या घड्या आपल्याकडे निघाल्या, तात्या. एकही चुकलेली नाही."

तात्यांनी कॉलर सोडली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग फुटलं कोण? तुम्ही शब्द दिला होता मला."

"दिला होता," मास्तर म्हणाले.

त्यांनी वही कठड्यावर ठेवली. दहा नावं, दहा खुणा. पेनाचं टोपण काढून त्यांनी खाली अकरावं नाव लिहिलं, पान भरलं म्हणून सवयीप्रमाणे त्याखाली सही केली आणि वही तात्यांच्या हातात दिली. नाव आणि सही एकाच माणसाची होती.